जात लपवणाऱ्याचा गुन्हा कोणता?

जात लपवणाऱ्या आपल्या माणसाला आपण काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. भित्रा म्हणतो. गद्दार म्हणतो. 'दलित बामण' म्हणून टिंगल करतो. मीही केली आहे. पण त्याआधी मीच जात लपवली होती, हे चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

1978 साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पुढच्याच वर्षी मी गाव सोडलं. पिंपरीला एका वर्कशॉपात लेथवर हेल्पर लागलो. राहायला खोली पाहिजे म्हणून पवना ओलांडून काळेवाडीत गेलो. दहा बाय दहाची पत्र्याची खोली. मालकानं भाडं नंतर सांगितलं, आधी विचारलं, "आडनाव?"

"जाधव."

"कोणातले?"

जाधव सगळ्यांत असतात. गावाकडची जळकी घरं डोळ्यांपुढं आली. तोंडातून निघून गेलं, "आपल्यातलेच."

त्या एका शब्दावर खोली मिळाली. मालकीणबाई मायाळू होती. सणाला पुरणपोळी पाठवायची, ताप आला तर काढा द्यायची. पण घास घशाखाली उतरत नव्हता. ती पोळी माझ्यासाठी नव्हतीच, त्या खोट्या जाधवासाठी होती. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी. दोस्तांना पत्ता देत नव्हतो. कुणी दारातून जयभीम घातला तर? 14 एप्रिलला पिंपरी चौकात जाताना ओव्हरटाइम आहे म्हणून सांगायचो. झोप उडाली. पोट बिघडलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलून बदलून दिल्या. नदीपलीकडे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना, तिथं पेनिसिलीन तयार व्हायचं. माझ्या दुखण्यावर ते काय करणार? त्याचे जंतू माझ्या रक्तात नव्हते, मालकाच्या त्या प्रश्नात होते.

मग गावाहून आई आली. तिला बजावलं, इथं बोलू नकोस. तिच्या बोलीवरून सगळं उघडं पडेल ही भीती. आठ दिवस म्हातारी गप्प बसून होती. मालकीणबाईनं विचारलं, "आई बोलत का नाहीत?" मी म्हणालो, "तिला ऐकू येत नाही."

आई समोरच होती. तिनं ऐकलं.

एस.टी.त चढताना एवढंच म्हणाली, "लेका, गावानं मला वेशीबाहेर ठेवलं, पर तिथं मला बोलता येत हुतं."

महिन्याभरात मी ती खोली सोडून आपल्या वस्तीत राहायला गेलो. पण ते वाक्य सुटलं नाही. माझा गुन्हा नेमका कोणता, हा प्रश्न तेव्हापासून मागं लागला आहे.

लपवणं हाच गुन्हा असेल, तर 1917 सालचं बडोदं आठवा. अमेरिका-इंग्लंडात शिकलेले बाबासाहेब तिथं नोकरीला गेले आणि राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहिले. कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, लपवलं नाही. त्यांना कोण भित्रा म्हणेल?

1963 साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्याच साली अमेरिकेत गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं कलंकावरचं पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं असं, की कलंक माणसाच्या अंगात नसतो, माणसामाणसांतल्या नात्यात असतो. आणि ज्याचा कलंक दिसत नाही, त्याला एकच हिशेब आयुष्यभर करावा लागतो: कुणाला काय सांगायचं, कुणापासून काय लपवायचं. काळेवाडीत मी दुसरं काय करत होतो?

हा हिशेब माणसाची ताकद खातो. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत हॉफ आणि पांडे या दोन संशोधक बायांनी सहावी-सातवीच्या पोरांना वाट शोधायची कोडी घातली. 2004 साली निष्कर्ष मांडले. जात पुकारली नव्हती तेव्हा आपली पोरं वरच्या जातीच्या पोरांच्या बरोबरीनं कोडी सोडवत होती. सगळ्यांदेखत नाव आणि जात पुकारली की मागं पडत होती. डोकं तेच, कोडं तेच. फक्त आजूबाजूच्या नजरा बदलल्या.

म्हणून आज सांगतो. मालकाशी खोटं बोललो याची मला लाज नाही. ज्याला तो प्रश्न विचारण्याचा हक्क नाही, त्याला खऱ्या उत्तराचाही हक्क नाही. पण त्या खोट्याची किंमत मी आईकडून वसूल केली. व्यवस्थेनं तिला बाहेर ठेवलं होतं, मी तिला बहिरी केली. हा गुन्हा माझा.

आणि थोडा आपल्या सगळ्यांचा. मोर्चात मी हजारोंबरोबर चाललो, पण आडनावाच्या प्रश्नापुढं एकटा उभा होतो. आपल्यातल्या कुणाला ही गोष्ट सांगावी तर टिंगलीचं भय. तिकडं मालकाची नजर, इकडं आपली. मग माणसानं तोंड उघडायचं कुठं? बाबासाहेब बंधुतेला समता आणि स्वातंत्र्यापासून वेगळं काढू देत नव्हते. बंधुता म्हणजे निदान एक घर, जिथं ट्रंकेतला फोटो बाहेर काढता येतो.

आता काळेवाडीत पत्रे कमी आणि इमारती जास्त. प्रश्नही सुधारला आहे: "गाव कुठलं? व्हेज का नॉनव्हेज?" गावाकडून आलेलं एखादं पोरगं खोली शोधताना दिसलं, तर त्याला स्वाभिमानावर भाषण देऊ नका. चौघं मिळून त्याच्याबरोबर मालकाच्या दारात जा. खोली मिळाली नाही, तर त्या रात्री त्याला आपल्या घरी न्या. आणि त्याची आई आली, तर तिला भरपूर बोलू द्या.