थांबवण्याच्या तीन तऱ्हा

पुण्याच्या थंडीत पाण्याच्या नळ्या फुटत नाहीत. १९३५ च्या जानेवारीत इथला पारा १.७ अंशांवर उतरला होता, आणि तो आजही नीचांक मानला जातो. एरवी आठ-दहा अंश म्हणजे आमच्याकडे कडाका. बर्फाच्या मुलखात हिवाळ्याआधी जलतरण तलावाचे पंप रिकामे करावेच लागतात, नाहीतर आत गोठलेलं पाणी ओतीव लोखंडही फोडतं. तिथं काय करायचं ते बर्फ ठरवतो. इथं ते माणसानं ठरवायचं असतं, आणि म्हणून मला इथला प्रश्न जास्त अवघड वाटतो.

मी येरवड्यातल्या एका मोठ्या सोसायटीत पंपांची देखभाल बघतो. तलावाच्या कडेला दगडी भिंतीवरून पडणारा धबधबा आहे, लहान मुलांच्या उथळ भागात कारंजी आहेत. गाळणीचा पंप बारा महिने चालवावा लागतो, नाहीतर पाणी हिरवं पडतं. धबधब्याचे आणि कारंज्यांचे पंप मात्र वेगळे. दिवाळी उलटली की पाण्यात कुणी उतरत नाही, मग ते बंद करायचे. कसे बंद करायचे, हा माझ्यासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायातला प्रश्न आहे.

आमचं घर वारकऱ्यांचं. १२९० साली नेवाशात सांगितलेली ज्ञानेश्वरी घरात दरवर्षी वाचली जाते, आणि अठराव्या अध्यायाशी आण्णा, म्हणजे माझे वडील, नेहमी रेंगाळतात. तिथं अर्जुन विचारतो, संन्यास म्हणजे काय आणि त्याग म्हणजे काय. भगवंत त्यागाच्या तीन तऱ्हा सांगतात. वाट्याला आलेलं कर्म मोहापोटी टाकलं तर तो तामस त्याग. अंगाला कष्ट पडतील या भीतीनं टाकलं तर राजस, आणि त्याला त्यागाचं फळही लाभत नाही. करायलाच हवं म्हणून कर्म केलं, पण त्यातली आसक्ती आणि फळ सोडलं, तर तो सात्त्विक. म्हणजे खरा त्यागी हात आखडून बसतच नाही.

तामस त्याग मी दर हिवाळ्यात आसपास बघतो. बटण खाली केलं, निघून गेले. पंपाच्या पोटात बोअरचं जड पाणी तसंच राहतं. मेकॅनिकल सीलमध्ये कार्बनची आणि सिरॅमिकची अशा दोन गुळगुळीत चकत्या असतात, एक स्थिर, दुसरी तिला चिकटून फिरणारी, मध्ये पाण्याचा केसाहून कितीतरी पातळ थर. पंप थांबला की तो थर हळूहळू सुकतो, क्षार मागे राहतात आणि चकत्या धरून बसतात. फाल्गुनात बटण दाबलं की मोटर नुसती घुमते, शाफ्ट हलत नाही. वेळेवर ट्रिप झाली नाही तर वाइंडिंग जळतं. आणि शाफ्ट फिरलाच तर चकतीचा टवका उडतो, मग उन्हाळाभर गळती. जोडीच्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. कर्माशिवाय कुणी क्षणभरही राहत नाही असं गीता म्हणते. मी ते बंद पंपाच्या पोटात पाहिलं आहे. आपण काही केलं नाही, तरी घडायचं ते घडत राहतं.

राजस त्याग जास्त समजूतदार दिसतो. माझ्या हाताखालचा मुलगा गेल्या वर्षी म्हणाला, “काका, इथं कुठं बर्फ पडतो? कशाला खाली उतरून गार पाण्यात हात घालायचे?” बर्फाबद्दल त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, “अरे, बर्फासाठी नाहीच करत आपण हे.”

करायचं ते थोडकंच आहे. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, मग खालचा ड्रेन प्लग उघडून पंप रिकामा करायचा. गाळणीची जाळी धुवायची. प्लग पंपालाच दोरीनं बांधायचा, नाहीतर चार महिन्यांत तो हमखास हरवतो. स्विचवर पाटी लावायची, कारण रिकामा पंप कुणी चालू केला तर सील काही मिनिटांत जातं. आठवड्यातून एकदा, वीज तोडून, मोटरचं मागचं झाकण काढायचं आणि पंख्याला धरून शाफ्ट हातानं फिरवायचा. पाणी न काढता पंप रोज दहा मिनिटं चालवला तरी चालतं, पण न बघितल्या जाणाऱ्या धबधब्यावर वीज आणि पाणी घालवणं मला पटत नाही.

यापेक्षा कठीण प्रश्न मला इथल्या तुरुंगाच्या भिंतीनं घातला. १९३० साली गांधीजी येरवडा तुरुंगात होते आणि दर मंगळवारी पहाटे आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर लिहीत. अस्तेयाच्या जवळच त्यांनी अपरिग्रह ठेवला. गरज नसलेली वस्तू जवळ बाळगणं त्यांना चोरीच्या जातीचं वाटत होतं. आमचा धबधबा कुणाची गरज आहे? फाटकाबाहेर थोडं चाललं की वस्ती लागते, तिथं बायका नळाच्या वेळेला उठतात. मग मी तेल-पाणी करतो ते परिग्रहालाच ना?

मी यावर खूप विचार केला आहे. पंप गंजू दिला तर तांबं वाया जातं, लोखंड वाया जातं आणि उन्हाळ्यात नवा पंप येतो. यात परिग्रह वाढतोच. वस्तू सोडायची तर डोळे उघडे ठेवून सोडावी: सभेत ठराव करावा, पंप सुस्थितीत उतरवावा, ज्याला लागतो त्याला द्यावा. मी सभेत तसं बोललो. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, उन्हाळ्यात मुलं तिथून हलत नाहीत. ते खरं आहे, मी एप्रिलमध्ये त्यांचे चेहरे बघतो. मुलांचा आनंद ही गरज नव्हे, असं ठामपणे म्हणायची माझी तयारी नाही. धबधब्याचा पंप मात्र उतरवावा असं माझं मत आहे. कारंजी पुरेशी आहेत. ठराव होईपर्यंत दोन्ही सांभाळणं माझं काम.

एक गाठ उरते. फाल्गुनात पंप पुन्हा सुरू करण्याआधी शाफ्टला हात लावला आणि तो बोटाच्या धक्क्यानं फिरला की मला फार बरं वाटतं. त्या सुखासाठीच मी थंडीत खाली उतरतो की काय, अशी शंका येते. तसं असेल तर फळ सुटलं कुठं? आण्णांना विचारलं. ते म्हणाले, “यंदा पोराला करू दे. तू शेजारी उभा राहा.” म्हणून या मार्गशीर्षात पाना त्याच्या हातात दिला. तो व्हॉल्व्ह विसरून आधी प्लगला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. पुढचं सगळं त्यानं केलं, माझ्यापेक्षा सावकाश. माझे हात मात्र सारखे पुढे जात होते.