रेषेत उरलेला माणूस

औंध संस्थानात १९१० साली कुंडलजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना नेणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत असताना त्यांच्या ध्यानी आले की, काही रंग आपल्या डोळ्यांना नीट उमगत नाहीत. रंग सुटले, रेषा उरली. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. त्यांना संस्थानात आसरा देणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हाही एक योगच.

रंगावाचून श्रम कसे रेखाटावेत, हा प्रश्न युरोपात प्रबोधनकाळी लाकडी ठसे करणाऱ्यांपुढेही होता. ठशाची रीत उलटी असते. जी रेषा छापायची तिला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड काढून टाकायचे. सावली हवी असेल तर अशा बारीक रेषा जवळजवळ राखायच्या. चित्रातल्या मजुराच्या पाठीवरची सावली जितकी नाजूक, तितके कोरणाऱ्याचे मनगट शिणलेले!

अग्रिकोला यांचा खाणी व धातुविद्येवरील ग्रंथ १५५६ साली बाझल येथे छापला गेला. त्यातील ठशांत डोंगराचे पोट उघडून रहाट, भाते, भट्ट्या दाखविल्या आहेत. यंत्राच्या भागांना ओळखीसाठी अक्षरे दिली आहेत आणि काही ठिकाणी गाडा ढकलणाऱ्या मजुरालाही तसेच एक अक्षर आहे. माणसाला यंत्राच्या भागांत मोजणे योग्य काय? आमचे मन चटकन ‘नाही’ म्हणते. पण त्याच ग्रंथात भट्टीवरचा प्रमुख कारागीर लोणी खाताना दिसतो. भट्टीतून निघणाऱ्या विषावर तो उतारा, असा खुलासाही शेजारी आहे. अक्षरे देणाऱ्यांनीच ते विष लपविले नाही.

याउलट ड्यूररने १५११ साली प्रसिद्ध केलेल्या मरियामातेच्या चित्रमालेत मिसर देशातले पवित्र कुटुंब पाहावे. संत योसेफ वाकून लाकूड तासत आहेत, मरियामाता सूत कातत आहे, आणि चिमुकले देवदूत ढलप्या टोपलीत भरत आहेत. येथे श्रमाला घर आहे, माया आहे. चित्र आम्हांला अतिशय प्रिय आहे. तरीही शंका येते, की देवदूतांच्या लगबगीत योसेफांचा घाम आपल्या नजरेतून निसटतो. पानावर ड्यूररची दोन आद्याक्षरे आहेत. त्या ढलप्या लाकडात कोरणाऱ्याचे नाव नाही.

नांगराच्या आरेखनात तर सावली नसते आणि माणूसही नसतो. त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही; ओतशाळेत माप चुकले तर फाळ वाया जातो. मात्र तेच आरेखन पाहून कोणी तरी साचा भरतो, वितळलेले लोखंड त्यात ओततो. कागदावर नसलेला हा माणूस मजुरीचा हिशेब मांडणाऱ्याला, नांगर विकत घेणाऱ्याला, आणि रविवारी मिस्साला त्याच्याच बाकावर बसणाऱ्या आपल्याला कोठे दिसतो?