चेरीच्या नावाने करवंद

बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर, लग्नाचा रौप्यमहोत्सव असा कोणताही आनंदाचा प्रसंग आला की आपल्या घरांत केक येतो, आणि तो पुष्कळदा ‘ब्लॅक फॉरेस्ट’ असतो. काळसर थर, मधून पांढरेशुभ्र क्रीम, वर चॉकलेटचा कीस आणि शिरोभागी तांबडीलाल चेरी असे त्याचे रूप खरोखरच नाट्यमय असते. परंतु या देखण्या पदार्थाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू घातली तर त्यात लबाडी नेमकी केव्हा शिरते?

मूळ पदार्थ जर्मनीतला. त्या देशाच्या नैऋत्येकडील श्वार्त्झवाल्ड, म्हणजे ‘काळे अरण्य’, या डोंगराळ प्रदेशाचे नाव त्याला लाभले आहे. तो प्रथम कोणी केला याविषयी वाद आहेत. जोसेफ केलर या मिठाईकाराने १९१५ साली बाड गोडेसबर्ग येथे आपण तो केल्याचे सांगितले होते. घटक मात्र ठरलेले आहेत: कोको घातलेला हलका स्पंज, फेटलेली ताजी साय, आंबट चेरी आणि चेरीपासूनच गाळलेले ‘किर्श’ नावाचे मद्य. जर्मनीतील अन्नपदार्थांविषयीच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांनुसार या मद्याची चव खाणाऱ्याला स्पष्ट जाणवली पाहिजे. नावाला तेथे असे वजन आहे.

आपल्याकडे येता येता त्याचे बहुतेक घटक बदलले. किर्शच्या जागी साखरेचा पाक आला. सायीच्या जागी अनेक ठिकाणी वनस्पती तेलापासून केलेले क्रीम आले. खऱ्या चॉकलेटमधील कोको-लोणी अंगाच्या उष्णतेहून किंचित कमी तापमानाला वितळते. म्हणून ते जिभेवर अलगद विरघळते, आणि म्हणूनच ते आपल्या उन्हाळ्यात तग धरत नाही. त्याऐवजी बेकरीत ‘कंपाउंड’ वापरतात. त्यात कोको-लोण्याची जागा स्वस्त वनस्पतिजन्य चरबीने घेतलेली असते. आणि ती शिरोभागीची चेरी? ती पुष्कळदा आपले करवंद असते. कच्ची करवंदे मिठाच्या पाण्यात ठेवतात, त्यांच्या बिया काढतात, त्यांना लाल रंग देतात आणि दाट पाकात मुरवतात. डबा उघडला की त्यातून ‘चेरी’ बाहेर पडते.

एवढ्यावरून बेकरीवाल्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. हवामान, भाव आणि गिऱ्हाईकाची ऐपत या तिन्हींशी त्याला रोज झुंजावे लागते. शिवाय पर्याय शोधणे हे पाप नव्हे. कोणतीही संस्कृती एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा तेथील मातीत मिळेल ते हाती घेते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठीत सांगायचे ठरवले, तेव्हा युरोपातला छंद बाजूला ठेवून आपली ओवी घेतली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झाले. ओवी तेथे ओवी म्हणूनच उभी आहे, तिने कोणत्याही परकीय छंदाचे सोंग घेतलेले नाही. प्रामाणिक पर्यायाचे याहून चांगले उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी क्रयविक्रयातील फसवणुकीचा विचार केला, तेव्हा हाच भेद त्यांच्यासमोर होता. विकली जाणारी वस्तू मूळ द्रव्यातच वेगळी असेल आणि विक्रेत्याला ते ठाऊक असेल, तर ती विक्री फसवणुकीची ठरते, असे ते म्हणतात. आणि पाणी मिसळलेल्या द्राक्षारसाविषयीचे यशया संदेष्ट्याचे शब्द त्यासाठी पुढे करतात. किमयागाराच्या सोन्याचाही त्यांनी विचार केला. किमयेने खरोखरच अस्सल सोने निर्माण झाले तर ते सोने म्हणून विकण्यात गैर काही नाही. अडचण आहे ती केवळ सोन्यासारखे दिसणाऱ्या धातूची. भारतातील २००६ सालचा अन्नसुरक्षा कायदाही याच दिशेने जातो. एका पदार्थाची नक्कल दुसऱ्याच्या नावाने विकली आणि तिचे खरे स्वरूप ठळकपणे सांगितले नाही, तर कायदा तिला चुकीच्या नावाने विकलेले अन्न मानतो. म्हणजे दोष पर्यायात नसतो, तो लपवण्यात असतो.

यावर कोणी म्हणेल, “खाणाऱ्याला गोड लागले, मुले हसली, मग बिघडले कुठे?” प्रश्न वाजवी आहे. बिघडते ते तीन ठिकाणी. पहिले म्हणजे, जो बेकरीवाला खरी साय आणि खरे चॉकलेट वापरून रास्त भाव सांगतो, तो त्याच नावाच्या स्वस्त केकपुढे हरतो. प्रामाणिकपणाला बाजारात शिक्षा होते. दुसरे म्हणजे, आपल्या मुलांच्या जिभेला चेरी कळत नाही आणि करवंदही कळत नाही. तिसरे नुकसान करवंदाचे, आणि ते तोडणाऱ्या हातांचे. चैत्र-वैशाखात आदिवासी स्त्रिया काटेरी जाळीत हात घालतात, पांढरा चीक बोटांना चिकटतो, अंगावर ओरखडे उठतात, आणि मग पानांच्या द्रोणांत ‘डोंगरची काळी मैना’ विकायला येते. त्या फळाचे स्वतःचे नाव आहे, आंबटगोड चव आहे, पिकल्यावर येणारा गर्द जांभळा रंग आहे. बेकरीत पोचेपर्यंत हे तिन्ही पुसले जातात, आणि परदेशी फळाचे नाव लावल्यावरच आपण त्याला मेजवानीत मानाची जागा देतो.

इथे बोट आपल्याकडेही वळते. आपल्याला बडे नाव हवे असते आणि भाव मात्र छोटा हवा असतो. ‘यात काय घातले आहे?’ असे आपण सहसा विचारत नाही, कारण उत्तर ऐकायची आपली तयारी नसते. ज्याला जाणून घ्यायचेच नाही, तो फसवला गेला असे पूर्णपणे म्हणता येईल काय? विकणाऱ्याच्या असत्यात विकत घेणाऱ्याचाही वाटा असतो. ही सवय केकपुरती राहत नाही. घरची कादोडी किंवा वाडवळी बोली पाहुण्यांसमोर गिळून टाकायला आपण मुलांना शिकवतो, तेव्हा आपण करवंदालाच लाल रंग देत असतो.

यातून वाट निघते, आणि ती कडू नाही. मे महिन्यात पिकलेली करवंदे आणावीत, थोड्या साखरेत मंद आचेवर शिजवावीत, बिया जाव्यात म्हणून चाळणीतून गाळून घ्यावीत. कोकोच्या स्पंजचे तीन थर करून प्रत्येक थरावर तो जांभळा गर आणि फेटलेली साय पसरावी. गडद चॉकलेटच्या कडवटपणाला आंबट फळाची जोड लागते. चेरी तेच काम करते आणि करवंदही ते उत्तम करते. वर चार अखंड करवंदे ठेवावीत, न रंगवता. आणि कोणी विचारले तर त्याला ‘करवंदाचा केक’ म्हणावे. नाव खरे असले की पाहुण्याला दिलेला घासही खरा होतो.