राबणाऱ्याचे मन आणि राबवून घेणाऱ्याचा धर्म

पंढरीच्या यात्रेला जाणारे सगळेच काही पायी जात नाहीत. कोणाचे गुडघे चालत नाहीत, कोणाची पेरणी अडलेली असते, कोणाला कचेरीतून दोनच दिवसांची रजा मिळालेली असते. अशी मंडळी एस. टी. ने जातात. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून ही गाडी आपल्या यात्रेचे एक अंगच होऊन बसली आहे. आषाढीला हजारो जादा गाड्या सोडाव्या लागतात. आपण गाडीत बसतो, दोन अभंग म्हणतो आणि खुशाल डुलकी घेतो. चाक धरून बसलेल्याला डुलकी घेता येत नाही. शेवटचा माणूस उतरेपर्यंत पन्नास जिवांचा भार त्याच्या दोन हातांवर असतो. त्या हातांमागे जे मन आहे ते कसे आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

वाचकहो, आज आम्ही हाच प्रश्न आपणापुढे ठेवीत आहोत. तो एकट्या एस. टी. चा नाही. बँकेतला कारकून, दवाखान्यातली परिचारिका, शाळेतले गुरुजी, दुकानातला पोऱ्या, संगणकापुढे रात्र काढणारी मुलगी, घरचा सालगडी, काम करता करता कोणाचेही मन खचू शकते. ते खचले तर उणेपण कोणाचे, आणि सावरण्याचे कर्तव्य कोणाचे?

एक उत्तर आपल्या तोंडी अगदी तयार असते. ‘मनच कच्चं आहे हो त्याचं. चार दिवस नाम घ्यावं, होईल ठीक.’ असे म्हणणारा दुष्ट असतो असे नव्हे. नामाने धीर येतो हा आपणा सर्वांचा अनुभव आहे, आणि त्याला आम्ही उणे म्हणत नाही. पण पाय मोडलेल्या माणसाला आपण ‘नाम घे’ म्हणतो आणि उचलून दवाखान्यातही नेतो. मन मोडले की मात्र आपल्याला पहिले अर्धेच का आठवते?

मन खचते म्हणजे काय होते ते आधी नीट पाहू. चालकाचाच दिवस घ्या. पहाटे अंधारात उठून आगारात हजर व्हायचे. वेळापत्रक दुसऱ्याने केलेले, रस्ता खड्ड्यांचा. गाडीला उशीर झाला तर प्रवासी त्यालाच बोलणार आणि गाडी बंद पडली तरी त्यालाच. वाहकाला आणखी एक घोर, तो तिकिटांच्या हिशेबाचा. मुक्कामाची गाडी असली की रात्र परगावी. घरी कोणी आजारी असावे आणि रजेचा अर्ज परत यावा, मग जीव तिकडे आणि हात चाकावर! असा एक दिवस कोणीही काढील. पण महिनेच्या महिने असेच चालले, म्हणजे आधी झोप जाते, मग जेवणाची चव जाते. बारीकसारीक गोष्टीवरून डोके फिरते, विसर पडतो, माणसे नकोशी होतात, कशातच गोडी उरत नाही. दोन आठवडे अशी स्थिती सतत राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. हा आळस नव्हे, ढोंग नव्हे आणि मागच्या जन्मीचे पापही नव्हे. हा आजार असू शकतो. आणि बोलून करावयाच्या उपचारांनी व औषधाने त्यात चांगला उतार पडतो.

कामाने मन का झिजते, याचा शोध पुष्कळांनी घेतला आहे. १९७९ साली अमेरिकेतील रॉबर्ट कारासेक नावाच्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट मांडली. नुसत्या जड कामाने माणूस तेवढा खचत नाही. काम जड, आणि ते कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करावे यात त्याला काहीच अधिकार नाही, अशी दोन्ही टोके एकत्र आली की माणूस पिळून निघतो. पुढे १९८० च्या दशकात इतर अभ्यासकांनी तीत तिसरी गोष्ट जोडली, ती सोबतीची. सोबत्यांचा आणि वरिष्ठांचा आधार असला तर तोच भार सोसवतो. नसला तर माणूस एकटा पडतो. ओझे, अधिकार आणि आधार, या तिन्ही गोष्टी कामगाराच्या मनाबाहेरच्या आहेत. त्या ठरवितो तो काम देणारा. मग मन खचल्यावर झाडा एकट्या कामगाराच्याच मनाचा का घ्यावयाचा?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या दिवसांत काही कर्मचाऱ्यांनी स्वतःचा जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. संपात कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे, याचा निवाडा आम्हांस येथे करावयाचा नाही. माणूस त्या टोकाला जातो तो एकाच कारणाने जात नाही, हेही खरे. पण इतकी माणसे एकाच काळात मनाने कच्ची कशी निघाली, असे विचारून पाहा. ते मघाचे सोपे उत्तर तिथे लंगडे पडते.

आता आपल्याच घरची एक रीत आठवा. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. म्हणून काय एकाच वीणेकऱ्याला सात दिवस उभे करतात? पहारे लावतात. कोणाचा पहारा केव्हा, हे आधी बसून ठरते. म्हाताऱ्याला सोयीची वेळ देतात, ज्याला पहाटे धारा काढायच्या त्याला पहाट टाळून देतात. वेळ झाली की पुढचा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पुढच्याला यायला उशीर झाला तर मागच्याला कोणी ‘तुझी भक्ती कमी’ म्हणत नाही. उशिरा येणाऱ्यालाच बोल लागतो. अखंड आहे ती वीणा. वीणेकरी अखंड असावा असे कोणाच्या स्वप्नातही नाही. कारासेकांनी आणि पुढच्यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी या साध्या रीतीत आल्या आहेत. ओझ्याला माप आहे, वेळ ठरविण्यात ज्याची त्याला जागा आहे, आणि वेळेवर येणारा सोबती आहे.

देवाच्या कामात आपण जी माया दाखवितो ती पोटाच्या कामात का दाखवू नये? कायद्याने हे केव्हाच ओळखले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची बाजू लावून धरली, आणि १८९० साली त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी निराळा कायदा झाला. त्याने सामान्यतः दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८ तास आणि आठवड्याला एक दिवस विसावा असे माप घातले. पुढे तो २०२० च्या कामगार संहितेत सामावून घेण्यात आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर असे सांगितले की, जो जीव द्यायला निघाला तो तीव्र ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी. आणि शरीराच्या आजाराप्रमाणे मनाच्या आजारालाही विमा द्यावा. कायदा माप घालून देतो. माया मात्र ज्याची त्यानेच आणावी लागते.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला मालकाचा: ‘अहो, सगळ्यांना असंच सांभाळत बसलो तर धंदा कसा चालायचा?’ त्याला आकड्यानेही उत्तर देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उदासीनता आणि चिंता या दोन आजारांपायी जगात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस बुडतात. म्हणजे सांभाळणे महाग नाही, न सांभाळणे महाग आहे. पण आम्हांस या उत्तरावर थांबायचे नाही. उद्या कोणी सिद्ध केले की माणूस पिळूनच जास्त नफा होतो, तर काय पिळावा? सालगड्याला भाकरी द्यायची ती तो जास्त नांगरील म्हणून नव्हे. त्याला भूक आहे म्हणून. मनाचेही तसेच.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच सज्जनांचा असतो. ‘सोसण्यातच मोठेपण आहे. आपले संत काय थोडे सोसले?’ खरे आहे. पण स्वतः अनवाणी चालणे हे व्रत. दुसऱ्याच्या पायांतल्या वहाणा काढून घेऊन त्याला व्रताचे महत्त्व सांगणे ही लबाडी. हल्ली कचेऱ्यांतून कर्मचाऱ्यांसाठी मनःशांतीची व्याख्याने ठेवतात, कधी कीर्तनकारालाही बोलावतात. जरूर जावे. पण एक तास शांती सांगायची आणि तो उठून गेला की दुहेरी ड्यूटी लावायची, तर त्या प्रवचनाचा उपयोग मालकाच्या मनाला शांती देण्यापुरताच! कीर्तनकार महाराजांना आमची विनंती आहे की, अशा ठिकाणी श्रोत्यांत पहिल्या ओळीत साहेबांना बसवावे आणि चार शब्द त्यांनाही सांगावेत.

मग करावे काय? थोडक्यात सांगतो. ज्याच्या हाताखाली दोन माणसे आहेत त्याने महिन्यातून एकदा तरी एकेकट्याला विचारावे, ‘कसं चाललंय?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. कामाचे तास ठरवावेत आणि ते मोडू नयेत. सुट्टीच्या दिवशी फोन करू नये. कोणी मन मोकळे केले तर ते चारचौघांत जाऊ देऊ नये. आगारासारख्या ठिकाणी ‘त्याचं डोकं फिरलंय’ हे शब्द संध्याकाळच्या आत सगळीकडे होतात, आणि मग दुसरा कोणी बोलायला धजत नाही. चालक आजार लपवितो तो बहुधा चाक हातचे जाईल या भीतीने. तेव्हा बरे होईपर्यंत त्याला दुसरे काम द्यावे आणि बरा झाल्यावर त्याची जागा त्याला परत द्यावी. काही औषधांनी झोप येते. म्हणून आपण गाडी चालवितो हे डॉक्टरांना आधी सांगावे. कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण ओझे टाकू नये. आणि ज्याला कोणाशीच बोलवत नाही त्याने १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली; ती फुकट आहे, रात्रंदिवस आहे आणि मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कोणी बोलून दाखवील तर त्याला एकटे सोडू नये. त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे.

आपण साहेब नाही, मालक नाही, असे कोणी म्हणेल. पण प्रवासी तर आहोत? गाडीला उशीर झाला म्हणून वाहकावर ओरडणारे तोंड आपलेच असते. शेतावर, दुकानात, स्वयंपाकघरात कोणी ना कोणी आपल्यासाठी राबत असते. येत्या सप्ताहाच्या पहाऱ्यांची यादी करायला मंडळी देवळात बसतील, तेव्हा त्याच बैठकीत प्रत्येकाने मनाशी आणखी एक यादी करावी. आपल्यासाठी राबणाऱ्यांत असा कोण आहे की, ज्याचा पहारा कित्येक दिवसांत बदललेला नाही? नाव आठवले की उठावे आणि आधी त्याच्याकडे जावे.