वारस आणि खातेदार

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत शेतीचे दोन पट्टे शेजारी शेजारी आहेत. घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्यालगत कालीपत्ती चिकूच्या वाड्या, तर पूर्वेकडे डोंगराच्या बाजूला मुख्यतः वारली कुटुंबांची पावसावरची भात-नागली. भात झोडून झाला की पूर्वेकडचा तरुण वाड्यांवर चिकू उतरवायला जातो, नाहीतर वापी, उंबरगाव, बोईसरच्या कारखान्यांत कामाला लागतो. तेवढ्यावरून तरुणांना शेतीत रस उरलेला नाही असा निष्कर्ष काढला जातो आणि उपाय म्हणून प्रबोधनाची शिबिरे सुचवली जातात.

हा निष्कर्ष उथळ आहे. रस नसता तर कारखान्यातून खाडे करून हाच तरुण आवणीला घरी आला नसता. फळावर नखाने हलका ओरखडा काढून, हिरवी झाक दिसते की पिवळी यावरून तोडीची वेळ ठरवणे, आकारानुसार प्रत लावणे ही जाणकारी त्याच्या हातात आहे. फक्त ती रोजावर विकली जाते. पगार थोडा असला तरी काम करणाऱ्याच्याच हाती पडतो. घरच्या शेतात राबणाऱ्या मुलाला ही खात्री नसते. त्यामुळे प्रश्न आवडीचा नाही, अधिकाराचा आहे.

आदिवासी जमिनीच्या विक्रीवरचे निर्बंध उठवले की भांडवल येईल, हे मत, जमिनी गमावून वेठबिगारीत अडकलेल्या वारल्यांच्या १९४५च्या उठावाची कारणे आठवताच निकालात निघते. डहाणूसाठीच्या १९९१च्या पर्यावरण अधिसूचनेलाही दोष देता येत नाही; तिने अंकुश ठेवला तो उद्योगांवर. वाड्यांना तिचा आधारच झाला.

खरा अडसर वारस आणि खातेदार यांच्यातील अंतराचा आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून जमीनदार आणि कूळ यांच्यातील वाद मिटवण्याचा प्रयत्न केला. बाप आणि कसता मुलगा यांचा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. सातबारा वडिलांच्या, कित्येकदा आजोबांच्या नावावर राहतो आणि बहुतेक अनुदाने त्या नावामागे जातात. २००६च्या वनहक्क कायद्याचा पट्टा वारसाकडे जातो, पण हस्तांतरित होत नाही; हे संरक्षण योग्यच आहे, मात्र त्यामुळे तो तारणाला चालत नाही. मुलीची वाट आणखी बिकट, कारण हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही. शिवाय पीककर्ज हंगामाच्या हिशेबाने फेडायचे असते, तर चिकूचे कलम भरघोस फळायला काही वर्षे घेते. तेवढे थांबण्याचा निर्णय खातेदारच घेऊ शकतो.

जिथे खाते विचारले जात नाही, तिथे संधी आहे. खिरणीच्या खुंटावर चिकूची कलमे बांधणारी रोपवाटिका काही गुंठ्यांत उभी राहते. पिकलेला चिकू फार दिवस टिकत नाही, म्हणून तो सुकवण्याचे आणि भुकटी करण्याचे काम वाडीजवळ झालेले बरे. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा १९९९चा कायदा शेतमालावर प्रक्रिया किंवा वेष्टन करणाऱ्यालाही उत्पादक मानतो. कामावरून माणूस ओळखणारी हीच व्याख्या कर्जाच्या आणि अनुदानाच्या नियमांत यायला हवी.

लक्ष्मीमुक्ती योजनेने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट दाखवली. कसत्या मुला-मुलींची अशीच नोंद, जमिनीचे तुकडे न पाडता, करता येईल. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेतले शिक्षण मग स्वतःच्या शेतात वापरता येईल. तोवर ते दुसऱ्याच्या वाडीतच खपेल.