लांडग्याचा वाटा

मनुष्याशी वैर असलेल्या सर्व प्राण्यांस आपल्या भाषेने सारखा न्याय दिलेला नाही. वाघ गुरे मारतो, प्रसंगी माणूसही मारतो. तरी तो वाघोबा झाला आणि सह्याद्रीच्या कुशीत ठिकठिकाणी त्याची देवस्थानेही झाली. लांडग्याच्या वाट्यास मात्र लबाडीचीच कीर्ती आली. मुलांस खरे बोलण्याचा धडा द्यावयाचा झाला तरी 'लांडगा आला रे आला' हीच गोष्ट आपणांस आठवते. त्या गोष्टीत खोटे बोलतो तो मुलगा, पण नाव खराब होते ते लांडग्याचे! हा दोषारोप कितपत रास्त आहे, आणि तो रास्त नसेल तर ह्या प्राण्याविषयी आपले कर्तव्य कोणते, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मनुष्याचा संबंध जेथे जवळजवळ नाहीच, अशा ठिकाणी प्रथम त्याचे आचरण पाहावे. कॅनडाच्या उत्तर टोकास एल्समिअर नावाचे बेट आहे. हिवाळ्यात तेथे कित्येक महिने सूर्य उगवत नाही. डेव्हिड मेक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1986 पासून अनेक उन्हाळे तेथील पांढऱ्या लांडग्यांच्या सान्निध्यात काढले. ध्रुवप्रदेशातील ससे आणि मस्कऑक्स नावाचे बैलासारखे केसाळ जनावर हे त्या लांडग्यांचे मुख्य भक्ष्य होय. लांडगे दिसताच मस्कऑक्सचा कळप वासरांस मध्ये घेतो आणि शिंगे बाहेर रोखून कडे करतो. कडे अभंग राहिले तर लांडग्यांस बहुधा रिकाम्या पोटी परतावे लागते. कळप बिथरून पळू लागला तरच एखादे वासरू हाती लागते. पुष्कळसे प्रयत्न असे फुकट जात असल्यामुळे, शिकार साधली म्हणजे एकेक लांडगा एका वेळी 8-9 किलो मांस खातो आणि पुढे कित्येक दिवस उपाशी काढतो. ह्यात क्रौर्य कोठे आहे? जेथे निवड करण्यास वाव नाही, तेथे पाप नाही आणि पुण्यही नाही.

आता आपल्या दारचा लांडगा घेऊ. सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूर ह्या पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात तो अद्यापि आढळतो. ध्रुवाकडील भावंडाहून तो बराच लहान व सडपातळ, वजनाने 20 किलोंच्या आसपास असतो. काळवीट, चिंकारा, ससे, उंदीर हे त्याचे मूळचे अन्न. पुढे माळ नांगरले गेले, हरणे विरळ झाली आणि धनगरांच्या मेंढ्या-शेळ्यांवर गुजराण करणे त्यास भाग पडले. धनगर रात्री मेंढ्या वाघरीत कोंडतो, कुत्री राखणीस ठेवतो. तरी एखादे कोकरू जातेच.

ह्यावर कोणी म्हणेल की, कोंडलेल्या कळपात शिरलेला लांडगा कधी कधी भुकेपेक्षा अधिक मेंढ्या मारतो, त्यास काय म्हणावे? आक्षेप खरा आहे. परंतु मस्कऑक्सला कडे करता येते, काळविटास पळता येते. वाघरीतल्या मेंढीस ह्यांपैकी काहीच शक्य नसते. उघड्या रानात जी झडप बहुधा फुकट जाते, ती येथे प्रत्येक वेळी साधते. तिला आवर घालणारे असे काही तेथे नसते. हा दोष लांडग्याच्या शीलाचा नव्हे, परिस्थितीचा आहे. आणि ती परिस्थिती मनुष्याने निर्माण केलेली आहे.

इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्यास सरकारातून बक्षीस मिळे. 1875 ते 1925 ह्या 50 वर्षांत हिंदुस्थानात सुमारे 2 लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. आज सबंध देशात ते 3,000 च्या आसपास उरले आहेत, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचे नाव आहे. कायदा योग्यच आहे; पण खरा नैतिक प्रश्न त्याच्यापुढेच सुरू होतो.

महाभारतातील शिबी राजाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. ससाण्याच्या भयाने आलेल्या कपोतास राजाने अभय दिले. तेव्हा ससाण्याने विचारले की, ह्याला वाचवून तू माझ्या तोंडचा घास काढतोस, त्याचे काय? राजाने त्यास दुष्ट म्हणून हाकलले नाही. त्याची भूक न्याय्य आहे हे मान्य करून त्याने तराजू मागविला आणि स्वतःचे मांस कापून पारड्यात घातले. शेजाऱ्याची मेंढी कापून घातली असती, तर त्या कथेस दयेची कथा कोणी म्हटले असते काय?

आज नेमके हेच घडत आहे. दया आपली, आणि पारड्यात पडते ती धनगराची मेंढी. नुकसानभरपाईची तरतूद सरकारने केली आहे. परंतु तिला पंचनामा हवा. लांडग्याने कोकरू उचलूनच नेले तर दाखविण्यास काही उरत नाही, आणि दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेस लागलेला वाडा अधिकाऱ्याची वाट पाहत किती दिवस थांबणार? तरीही कित्येक धनगर गेलेले कोकरू 'त्याचा वाटा' म्हणून सोडून देतात. बिळे बुजविणारे व विष घालणारेही आहेतच. पहिल्यांचे औदार्य आपण गृहीत धरतो, दुसऱ्यांस गुन्हेगार म्हणतो, आणि स्वतः काही देत नाही.

मी राहतो त्या हिंजवडीत, जेथे पूर्वी शेते व माळ होते तेथे, गेल्या शतकाच्या अखेरीपासून काचेच्या इमारतींची उद्योगनगरी उभी राहिली. लांडग्याचे छायाचित्र पाहून हळहळणारी सुशिक्षित मंडळी ह्याच इमारतींत बसतात. लांडग्याचा मुलूख जो पूर्वेकडील माळ, त्याच्याही अंगावर आता शहर चालले आहे. सरकारी दप्तरात गवताळ माळाची नोंद 'पडीक' अशी होते. आणि जे पडीक, ते घेण्यास मन कचरत नाही. वास्तविक तो माळ हरणाचा, मेंढीचा आणि लांडग्याचा समाईक संसार आहे. तो राखावयाचा तर आपल्या घरांची व कारखान्यांची हाव आवरली पाहिजे, आणि भरपाई वाड्यापर्यंत वेळेवर पोहोचावी म्हणून अधिक कर देण्याचीही तयारी पाहिजे. हेच आपल्या अंगचे मांस होय.

लांडगा आपला वाटा घेणारच. त्यावाचून तो जगू शकत नाही. तो वाटा कोणी द्यावयाचा, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे. आजवर तो ज्याच्यापाशी सर्वांत थोडे आहे त्याने दिला. ही व्यवस्था चालू ठेवून आपण स्वतःस भूतदयावादी म्हणविणे, हे शिबीच्या वंशजांस शोभत नाही.