हातावरचा कवडसा

सकाळचे नऊ वाजलेत असं धरू. खिडकीशी बसा. काचेचं तावदान असेल तर उघडा. काच काही किरण अडवते, काही आत सोडते. आज मध्ये कोणी नको. डावा हात मांडीवर पालथा ठेवा, कवडसा त्यावर पडेल असा.

घाई नाही.

हे ऊन सूर्यावरून निघाल्याला साधारण आठ मिनिटं वीस सेकंद झाली. तुम्ही खिडकीकडे यायला उठलात तेव्हा ते वाटेतच होतं. आता हातावर ऊब जाणवेल. पण त्वचा जाळणारे अतिनील किरण वेगळे, ते जाणवतच नाहीत. म्हणून तर गार वाऱ्यात आणि समुद्रात डुंबताना माणूस फसतो, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की कळतं.

हाताची पाठ बघा. मग मनगट वळवून आतली बाजू बघा. दोन रंग दिसतील. त्या दोन रंगांमधल्या अंतरात तुमचं आजवरचं सगळं ऊन साठलेलं आहे: शाळेचं मैदान, बसथांबे, कुणाच्या लग्नाच्या मांडवाबाहेरचं ताटकळणं. आपल्या भाषेत याला दोन शब्द आहेत. शेतात राबणारा गडी उन्हाने ‘रापतो’. लग्नाची मुलगी मात्र ‘काळवंडते’. ऊन तेच, कातडीही तीच. हा गडद रंग खरं तर त्वचेने स्वतःच धरलेली छत्री आहे, अपुरी, पण आपली. आज हाताकडे बघताना तुमच्या मनात यातला कोणता शब्द आला? उत्तर मोठ्याने द्यायचं नाही. नुसतं त्याच्यापाशी थांबा. सनस्क्रीनची ट्यूब आपण बऱ्याचदा त्या दुसऱ्या शब्दाच्या धाकाने विकत घेतो.

आता झिंक ऑक्साइडचं क्रीम बोटावर घ्या. ट्यूबवर हिरवं पान छापलेलं असेल तर मनातल्या मनात पुसून टाका. हे जस्ताचं भस्म, भट्टीतून निघालेलं. झाडावर उगवत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणण्यापेक्षा ‘खनिज’ म्हणावं. लहानपणी कांजिण्या आल्यावर अंगाला लावलेलं गुलाबी कॅलामाइन आठवा. त्यातही मुख्यतः हेच होतं.

हळूहळू पसरा. पांढरा थर राहील. लगेच चोळून घालवू नका. नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज ॲलन डोनाल्ड गालांवर असेच पांढरे पट्टे ओढून धावत यायचा, आणि तो पांढरा रंग गोरं दिसण्यासाठी नव्हता.

हा थर आरशासारखे किरण परतवतो असं सांगतात. थोडे परततात, बहुतेक तो स्वतः शोषतो आणि त्यांची उष्णता करतो. पारदर्शक रासायनिक क्रीमही तेच करतं. मग फरक कुठे? हा बहुतांशी कातडीवरच बसून राहतो. ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं आत शिरतात, रक्तात सापडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये ते मोजून दाखवलं. त्याने अपाय होतोच असं त्यांनी म्हटलं नाही, सनस्क्रीन सोडू नका असंच सांगितलं. तरी माझा कल जस्ताकडे आहे. जे काम वरच्यावर होतं त्यासाठी आत कशाला शिरू द्यायचं? हळद, चंदन, खोबरेल मात्र या कामाला पुरत नाहीत. आजीचा मान राखून सांगतो.

डोळे मिटा. मालवणचं पाणी समोर आणा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, 1987 पासून अभयारण्य असलेल्या त्या समुद्रात, खाली प्रवाळ आहेत. स्नॉर्केलिंगला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावरून काहीतरी पाण्यात सुटतं. प्रवाळांची काळजी म्हणून हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 2021 पासून बंदी घातली. प्रवाळांचं मोठं दुखणं तापणारा समुद्र हेच आहे, ट्यूब बदलून ते जाणार नाही. जस्तही पाण्यात अगदी निरुपद्रवी नसतं. त्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालून उतरलं तर लावायलाच कमी लागतं.

डोळे उघडा. उठून अंगणात, गच्चीवर जा. आपली सावली बघा. ती तुमच्यापेक्षा लांब आहे तोवर ऊन सवलत देतंय. आखूड झाली की ऊन मी म्हणू लागलं समजा. मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत एका दुपारी ती पायांखालीच नाहीशी होते. तेव्हा क्रीमच्या आधी पंचा, पदर, छत्री, कडुनिंब. उघडं राहील तेवढ्याला क्रीम: चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीभर, दर दोन तासांनी पुन्हा.

परत खिडकीशी या. हात होता तिथेच ठेवा. कवडसा एव्हाना मांडीवरून सरकून फरशीवर गेला असेल. हात सावलीत आहे, थोडा पांढुरका. तिथेच राहू द्या.